मला कुणी हाकललं नव्हतं

कोबे, १८ मार्च १९७०

चि. अ-जीन,

एप्रिलच्या बोटीने मी येणार होते, पण येत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुला आईला शांतपणे वाचून दाखवता येईल.

इथली हवा मला मानवली आहे. शिवणाची शाळा मी सोडली. बंदराजवळ छ्वाकाकांची केळ्यांची वखार आहे, तिथे काम धरलं. काका मूळचे आपल्याच बेटावरचे, ताइनानचे, पण तीस वर्षं इथे काढल्यामुळे आपली भाषासुद्धा जपानी हेल काढून बोलतात. आपल्या काओसिउंग बंदरातून हिरवी केळी येतात, ती आम्ही तळघरातल्या उबदार खोल्यांत पाच-सहा दिवस पिकवतो. बांबूच्या करंड्यांवर गावांच्या चिठ्ठ्या असतात. परवा तीन करंड्या आपल्या छीशानच्या निघाल्या. शेतकऱ्याचं नाव पाण्याने पुसलं गेलं होतं. त्या मी सगळ्यांत शेवटी उघडल्या.

आई विचारेल म्हणून सांगते, जपानी माणसाशी लग्न केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. जेवते वेळेवर. ओसाकाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आहे, अख्खा देश तिकडे लोटतोय. मी गेले नाही.

सोलिएन नव्या वर्षाला घरी यायला निघाली आणि बंदरावर उतरताच ‘आजारी पडली’, असं तू लिहिलंस. समजलं. कुठल्या दवाखान्यात ठेवलंय ते तिच्या आईलाही सांगत नाहीत, हेही समजलं. एकाच गल्लीतल्या, एकाच बोटीने शिवण शिकायला आलेल्या आम्ही दोघी. तेव्हा तिची आई माझ्याबद्दल विचारणारच. सांग की मी बरी आहे. मी तिच्याबरोबर आईसाठी निळं कापड पाठवलं होतं, ते मात्र मागायला जाऊ नका.

तुझं पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा दुसऱ्यांदा डिंक लावून चिकटवलेलं होतं. इथून पुढे आपण हवापाण्याचंच लिहू.

तुझी ताई,
हुईजू


कोबे, ७ नोव्हेंबर १९७१

चि. अ-जीन,

तुझी बदली डोंगरातल्या शाळेवर झाली. सायकल अर्ध्या वाटेवर कुणाच्या तरी अंगणात ठेवायची आणि पुढे दोन तास चढायचं. आठवड्याने घरी यायचं, तोवर आई एकटी. हे सगळं तू दोन ओळींत लिहिलंस आणि तिसऱ्या ओळीत लिहिलंस, ‘कुणामुळे ते तुला ठाऊक आहे.’

ठाऊक आहे.

ते सरकारी गृहस्थ आपल्या घरी येऊन गेले, आईने त्यांना चहा दिला, ते आईशी आदराने बोलले, तुझ्या शाळेची चौकशी केली. त्यांचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवून पाठवलंस: ‘तुमच्या मुलीला कुणी अडवलेलं नाही, आजी. सोलिएनविषयी तीन ओळी लिहून द्यायच्या, सही करायची आणि घरी यायचं. आम्ही स्वतः बंदरावर घ्यायला येऊ.’ आणि खाली तुझं: ‘ताई, तीन ओळी. मी पोरांकडून रोज तीस लिहून घेतो.’

मला कुणी अडवलेलं नाही, हे खरं आहे. या महिन्यात पासपोर्टची मुदत संपते. सही केली तर ती वाढेल, नाही केली तर नाही. छ्वाकाका माझ्यासाठी जामीन राहून इथले कागद करून देणार आहेत. त्यांनी एकदाच विचारलं, “पोरी, नक्की ना? मी बोट चुकली म्हणून राहिलो, तू बोट धक्क्याला लागलेली असताना राहते आहेस.” मी नक्की म्हणाले.

मी त्या तीन ओळी लिहिणार नाही, अ-जीन. हे पत्र वाटेत कुणी वाचत असेल तर त्यांनीही वाचावं. कारण मला विचारू नकोस. तुझी बदली रद्द व्हावी असं मला वाटत नाही, असं समजू नकोस.

सोलिएनला दहा वर्षांची शिक्षा झाली ते इथल्या मुलींकडून कळलं. तू बाजारात चारचौघांत ओरडलास, की माझी बहीण सोलिएनपायी तीन ओळी लिहीत नाही आणि घर बुडवते. ते तिच्या आईच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून ती बाई दर सणाला बांबूच्या पानात बांधून शिजवलेला भात आपल्याकडे पाठवते. आई खुशीने खाते. खाऊ नका असं सांगायचं माझ्या जिभेवर येतं, पण का, ते सांगता येत नाही. तेव्हा राहू दे.

तुझी ताई


कोबे, ३ ऑक्टोबर १९७६

अ-जीन,

आईला मातीत ठेवून नऊ दिवस झाल्यावर तू पत्र पाठवलंस. तार केली असतीस तरी मी आले नसते, हे तुला माहीत होतं, म्हणून तू केली नाहीस. मी तुला दोष देत नाही.

शेवटच्या महिन्यात ती दर दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि पोस्टमन गेला की आत यायची, हे तू का लिहिलंस ते मला कळलं. मला लागावं म्हणून लिहिलंस. लागलं.

काकांनी मला दोन दिवस घरी बसायला सांगितलं. मी बसले नाही, कामावर गेले. फिलिपिन्सहून केळी यायला लागल्यापासून आपली करंडी क्वचितच येते, पण त्या दिवशी नेमका काओसिउंगचा माल होता. फण्या सोडवताना माझ्या लक्षात आलं, की आईला माझे हात कसे झालेत तेसुद्धा माहीत नव्हतं.

‘इथून पुढे मला बहीण नाही,’ असं तू शेवटी लिहिलंस. बरं. तुझ्या मुलीचा जन्म झाल्याचं मात्र त्याच पत्रात, त्याच्या वरच्या ओळीत आहे. तिला माझा आशीर्वाद. तिला सांगायची गरज नाही.

हुईजू


कोबे, २३ ऑगस्ट १९८७

प्रिय अ-जीन,

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट एकदाच चिकटवलेलं होतं. लष्करी कायदा गेला हे मी जुलैतच इथल्या वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण खरं वाटलं ते त्या पाकिटामुळे.

तू लिहितोस, माझं चुकलं, ताई. तू लिहितोस, तेव्हा मला कळलं नाही तू कशासाठी राहिलीस, आता गाव तुझं नाव घेतं. डोंगरातल्या शाळेतली नऊ वर्षं आता तू लोकांना अभिमानाने सांगतोस. आणि देवळासमोर मांडव घालून माझा सत्कार करायचा ठरलाय, शहरातून दोन वक्ते येणार आहेत, तुझी लेक हार घालणार आहे.

ते सगळं थांबव. आज, हे पत्र मिळताच. मग पुढचं वाच.

मी तुला सतरा वर्षं खोटं सांगितलं नाही. अर्धं सांगितलं. त्या तीन ओळी मी लिहिणार नाही, असं म्हणाले ते खरं होतं. पण ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी लिहिल्या होत्या.

डिसेंबर १९६९. पासपोर्टची मुदत वाढवायला मी ओसाकातल्या आपल्या सरकारच्या कचेरीत गेले. एका गृहस्थांनी आतल्या खोलीत बसवलं. गुलाबी सायीचा केक दिला. कुठल्या गावची, वडील काय करायचे, भाऊ काय करतो, सगळं मायेने विचारलं. मग म्हणाले, “तुमच्या शाळेतल्या मुली रविवारी कुठे जातात हो? आम्हाला आपली काळजी वाटते. परका देश.” मी म्हणाले, सोलिएन सभेला जाते. “अच्छा. मग हे एवढं लिहून ठेवता का? आमच्या नोंदीसाठी.”

मी लिहिलं. ‘को सोलिएन दर रविवारी आपल्या लोकांच्या सभेला जाते. तिथे ती गाण्यात पुढे असते. ती म्हणते की आपल्या बेटाचा कारभार आपणच निवडलेल्या माणसांनी करावा.’ खाली सही. कुणी धमकावलं नाही, अ-जीन. आवाजसुद्धा चढवला नाही. पासपोर्टवर त्याच दिवशी शिक्का मिळाला.

का लिहिलं, ते मी स्वतःला बरेच वेळा विचारलं. भीती वाटली असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी तिच्यावर रागावले होते. तिने माझा नवा कोट मला न विचारता घातला आणि बाहीवर सोया सॉस सांडलं. वर हसून म्हणाली, “धुऊन टाक ना, तुझा हात काय मोडलाय?” लिहिताना माझ्या डोक्यात ती बाही होती. तिला थोडी अद्दल घडली तर बरं, एवढंच वाटलं. कचेरीतून कुणीतरी बोलावून तिला दम देईल, ती जरा गप्प बसेल. एवढंच.

फेब्रुवारीत ती घरी निघाली तेव्हा मी तिला धक्क्यावर पोचवायला गेले. आईसाठी निळं कापड दिलं. ती वरून हात हलवत होती.

बंदरावर तिला पकडल्याचं कळल्यावर मी ओसाकाला धावत गेले. तेच गृहस्थ. म्हणाले, “तुमचं लिहिणं फार उपयोगी पडलं. आता आणखी थोडं. ती पत्रकं घेऊन गेली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, असं लिहा.” तिने पत्रकं नेली नव्हती. मी नाही म्हणाले. तिथून पुढचं सगळं तुला माहीत आहे.

तेव्हा मी परत आले असते तर काय झालं असतं? मला पकडलं असतं कदाचित. किंवा काहीच झालं नसतं. मी गल्लीत राहिले असते आणि सोलिएनची आई रोज दारावरून जाताना थांबून विचारत राहिली असती, हुईजू, तिचं शेवटचं बोलणं काय झालं तुझ्याशी? त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमलं नसतं. म्हणून मी आले नाही. मला कुणी हाकललं नव्हतं. सोलिएन आत आहे तोवर मी बाहेर राहायचं, असं मीच ठरवलं, आणि ते ठरवल्यावर मला जरा बरं वाटलं, हेही सांगते. १९८० साली ती सुटली. मग ठरवायला काही उरलं नाही, तरी राहिले. सवय झाली होती.

आईच्या वेळी आले नाही, तेही याच कारणाने. त्याला दुसरं कुठलंही चांगलं नाव देऊ नकोस.

मांडवाचं काम थांबवलंस का?

हुईजू


कोबे, ११ फेब्रुवारी १९८८

प्रिय अ-जीन,

पाच महिने तुझं पत्र नाही. काल आलं आणि त्यात पाच वाक्यं. ‘सत्कार रद्द केला. लोकांना तू आजारी आहेस असं सांगितलं. सोलिएन हल्ली ताइनानला शिवणाचं दुकान चालवते, तुझं पत्र मी तिथे जाऊन तिच्या हातात दिलं. तुला विचारलं नाही. तिने ते माझ्यासमोर वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, मी लोकांमार्फत निरोप घेत नाही, तिला यायचं तर येऊ दे.’

पहिल्यांदा मला तुझा संताप आला. मग वाटलं, न विचारता कागद पुढे देण्याबद्दल मी तुला काय बोलणार.

येण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. मिळाला तर एप्रिलमध्ये येईन. विमानाने. तू घ्यायला ये, पण घरी नेऊ नकोस. आधी ताइनान.

हुईजू


कोबे, १५ मे १९८८

प्रिय अ-जीन,

त्या दिवशी ताइनानला तू सोलिएनच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर थांबलास. मी तासाभराने बाहेर आले तेव्हा तू विचारलंस, “काय म्हणाली?” आणि मी म्हणाले, लिहीन. परतीच्या विमानापर्यंत तू पुन्हा विचारलं नाहीस. विमानतळावर एकच बोललास: “तू तिची माफी मागायला समुद्र ओलांडून आलीस. माझी नाही मागितलीस.” ते मी इथे येईपर्यंत मनात धरून होते. तुझं बरोबर आहे. नऊ वर्षं डोंगर तू चढलास, आईजवळ तू बसलास, आणि मी तुला त्याचं खरं कारणसुद्धा इतकी वर्षं सांगितलं नाही. माफ कर, असं लिहिते आहे, पण तू ते लगेच करावंस असं नाही.

आता आत काय झालं ते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे यंत्र, मागे पडदा. ती यंत्रावर होती. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. मला पाहून उठली नाही. म्हणाली, “बस. ही पँट चारला द्यायचीय.” मी बसले. तिने दुसरी पँट माझ्या मांडीवर टाकली, पायांच्या कडा दुमडून शिवायला. “तळ घाल. हाताने. विसरलीस का?”

“इतकं नाही विसरले. केळी पिकवते मी तिकडे.”

“ऐकलंय. शिवणाच्या वर्गात पहिली येणार होतीस म्हणे.”

“पहिली तू आली असतीस.”

“हो,” ती म्हणाली, “मीच आले असते.”

आम्ही दोघींनी तळ घातले. मी सुरुवात केली, “सोलिएन, मी जे लिहिलं...”

ती म्हणाली, “वाचलं मी. छान अक्षर आहे तुझं अजून.” मग यंत्र थांबवलं. तेव्हापासून ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“पहिली दोन वर्षं आत मी एकच उद्योग केला. कुणी लिहिलं असेल. अकरा नावं काढली. रोज एकेकाला समोर बसवायचे आणि विचारायचे, तू का? घरमालकीण, आपली मास्तरीण, सभेतला तो ढोलवाला, सगळे. त्या अकरांत तू नव्हतीस. आई भेटीला यायची तेव्हा सांगायची, हुईजूने सही नाकारली, घर सोडून परदेशात राहिली. मी ते आतल्या बायकांना सांगायचे. तिथे एक पोरगी होती, खचलेली, जेवायची नाही. तिला मी तुझी गोष्ट सांगून जेवायला लावलं. म्हणायचे, बाहेर असं एक माणूस आहे. आता मी त्या पोरीला काय सांगू? ती भेटते मला अजून.”

मी रडले नाही. रडायचा हक्क तिथे माझा नव्हता. मी म्हणाले, “दुसऱ्यांदा मी नाही म्हणाले, ते खरं आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर तुला खुर्ची दिली.”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मी सुटल्यावर तरी का नाही आलीस? आठ वर्षं होऊन गेली.”

“लाज वाटत होती.”

“तिचा कुणाला उपयोग झाला?”

मी दोरा दाताने तोडला. ती म्हणाली, “मला तर नाही झाला. तुझ्या भावाला झालेला दिसत नाही. तुझ्या आईला नाही. माझी आई तुझं कौतुक करत गेली, एवढं एक बरं झालं, तिला हे कळलं नाही. बाकी तू तिकडे बसून स्वतःला शिक्षा केलीस म्हणतेस. कोण होतं तिथे बघायला? कोटाचं मला आठवतसुद्धा नाही, हुईजू. तू कोटासाठी लिहिलंस आणि मला तो कोट आठवत नाही. हे मला फार लागलं.”

मग गिऱ्हाईक आलं. तिने पँट कागदात बांधून दिली, त्याच्याशी हवापाण्याचं बोलली. तो गेल्यावर म्हणाली, “माफी मागू नकोस. तिचं काय करायचं ते मला कळत नाही. पण एक सांगते. इकडे ये राहायला. मला कधी राग येतो, कधी येत नाही. कधी महिनाभर सगळं विसरलेली असते, आणि एखाद्या दुपारी एकदम उसळतं. तेव्हा तू समोर असायला हवीस. इतकी वर्षं मी भिंतीवर चिडले. आता मला माणूस पाहिजे.”

“आणि राग येणार नाही तेव्हा?”

“तेव्हा तळ घाल. हात बरा आहे तुझा.”

एवढंच झालं. तुला वाटेल, यात न सांगण्यासारखं काय होतं. मलाच ते आधी मनात पुन्हा नीट ऐकायचं होतं.

कोबेला परतल्यावर तीन आठवडे मी काही ठरवलं नाही. इथे माझी खोली आहे, खिडकीतून रोक्कोचा डोंगर दिसतो, भाजीवाली मला नावाने हाक मारते, अठरा वर्षांत कुणी मला एक शब्द वाकडा बोललेलं नाही. तिकडे रोज दारावरून जायचं आणि कधी कुठला शब्द ऐकायला मिळेल ते ठाऊक नसायचं. मी घाबरले होते. अठरा वर्षांपूर्वी जितकं घाबरायला हवं होतं तितकी आत्ता घाबरले.

परवा छ्वाकाकांना सांगितलं. ते आता ऐंशीचे आहेत, वखार जावई बघतो. म्हणाले, “तू गेलीस तर माझ्याशी आपल्या भाषेत कोण बोलणार?” मग म्हणाले, “जा. मी गेलो नाही, म्हणून मला माहीत आहे.”

जूनच्या अखेरीस येते. घरी चार दिवस राहीन, आईच्या मातीवर जाईन, तुझ्या लेकीला हे सगळं तू सांग किंवा मी सांगते, पण सांगू. सत्काराच्या गोष्टीपेक्षा तिला हीच माहीत असलेली बरी. मग ताइनानला जाईन. माझ्यासाठी एक खोली बघून ठेव. लहान चालेल, जिना चालेल, न्हाणीघर सामाईक असलं तरी चालेल. फक्त तिच्या दुकानापासून लांब नको. तिने ओरडून हाक मारली तर ऐकू येईल, इतकी जवळ बघ.

तुझी,
हुईजू